सीए १९-९ आला कुठून?

हल्ली इंदूरमध्ये फुल बॉडी चेकअपच्या बऱ्याच पॅकेजमध्ये सीए १९-९ ही कॅन्सरशी जोडलेली रक्ताची टेस्ट पण घुसवलेली असते, आणि ४१ आकड्यापुढे ठळक एच (म्हणजे हाय, नॉर्मलपेक्षा जास्त) छापून आला की रामबागेतल्या काकू रिपोर्टचा फोटो सरळ फॅमिली ग्रुपवर टाकतात, मग पुण्याच्या मावशीपर्यंत सगळ्यांना घोर. पण या टेस्टचा इतिहास बघितला तर धडधाकट माणसात कॅन्सर शोधायचं काम तिला कधी जमलेलंच नाही.

आधी आला सीईए, कॅन्सरसाठी रक्तात मोजायचा असाच एक जुना पदार्थ. १९६५ साली माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याची गाठ आणि त्याच पेशंटच्या आतड्याचा चांगला तुकडा असं शेजारी शेजारी ठेवून तपासलं आणि गाठीत एक वेगळं प्रोटीन सापडलं, जे गर्भातल्या बाळाच्या आतड्यातही होतं. १९६९ मध्ये ते रक्तातही मोजता आलं, लोकांना वाटलं झालं काम! मग कळलं की सिगारेट ओढणाऱ्यांत आणि लिव्हर खराब झालेल्यांतही ते वाढतं.

१९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटीबॉडी (एका ठरावीक पदार्थालाच चिकटणारी प्रोटीन्स) हव्या तितक्या बनवायची युक्ती काढली. ती फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्स्कींनी उचलली (हेच ते, तोंडावाटे द्यायची पोलिओची जिवंत लस पहिल्यांदा माणसांना देणारे). उंदरांना आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी टोचून ज्या अँटीबॉडी मिळाल्या त्यातलीच एक १९-९ नंबरची, १९७९ सालची; ती ज्या पदार्थाला चिकटते तोच सीए १९-९, आणि टेस्टमध्ये तोच रक्तात मोजतात. गंमत म्हणजे शोधली आतड्यासाठी आणि कामी आली जास्त करून स्वादुपिंडासाठी.

रिपोर्टवरची नॉर्मलची ३७ ची रेघ १९८० च्या दशकात निरोगी लोकांचं रक्त मोजून ठरली, म्हणजे थोडे निरोगी लोक तिच्या वर जाणारच. पित्ताच्या खड्याने नळी तुंबून कावीळ झाली तर आकडा शेकड्यांत जातो, कॅन्सर नसतानाही. उलट शंभरात पाच-दहा जणांचा लुईस रक्तगटच (ए, बी, ओ पेक्षा वेगळा एक रक्तगट) असा असतो की हा पदार्थ शरीरात बनतच नाही, त्यांचा रिपोर्ट कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतो.

म्हणून डॉक्टर ही टेस्ट मुख्यतः निदान झाल्यावर वापरतात, ऑपरेशनच्या आधी एक आकडा, मग नंतरचे त्याच्याशी लावून बघायचे. त्यातही लॅबचं टेस्ट करायचं किट बदललं की आकडा बदलतो, त्यामुळे पहिली टेस्ट एका लॅबला आणि पुढची कूपन मिळालं म्हणून भंवरकुआंच्या दुसऱ्याच लॅबला केली, तर फरक आजाराचा की किटचा हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.