युरेल पास आणि गाडीतली जागा: या दोन वेगळ्या वस्तू आहेत

"युरेल पास काढला की झालं, मग युरोपात कुठल्याही गाडीत बसा." युरेल पास म्हणजे युरोपाबाहेरून येणाऱ्यांसाठी तिथल्या अनेक देशांच्या रेल्वेचा मिळून एक पास. हे वाक्य इतक्या खात्रीने सांगितलं जातं, की पॅरिसच्या गार द लियों स्थानकात पास दाखवूनही टीजीव्हीत (फ्रान्सच्या अतिवेगवान गाडीत) चढू दिलं नाही, तर माणसाला आपण फसलो असंच वाटतं. फसवलेलं कुणीच नसतं. पास आणि आरक्षण या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यातली एकच त्याच्याकडे असते.

पास म्हणजे काय, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. महिन्याचा पास खिशात असला की विरार ते चर्चगेट कितीही फेऱ्या करा. बसायला मिळेल की दाराशी उभं राहावं लागेल, याच्याशी पासचा संबंध नाही. आरक्षणही ओळखीचं आहे: डेक्कन क्वीनचं तिकीट, त्यावर डब्याचा नंबर, सीटचा नंबर. घोळ होतो तो यामुळे, की आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत भाडं आणि जागा एकाच तिकिटात बांधून मिळतात. ती दोन असतात, हे लक्षात यायची वेळच येत नाही. युरोपात ती सुटी आहेत. युरेल पास भाडं भागवतो. जागेची सोय ज्याची त्याने करायची, आणि काही गाड्यांत ती केल्याशिवाय चढताच येत नाही.

कुठल्या गाड्यांत, हे देशागणिक बदलतं, आणि पास परवडणार की नाही हेही त्यावरच ठरतं. फ्रान्समधली टीजीव्ही, इटलीतली फ्रेच्चारोसा, स्पेनमधल्या लांब पल्ल्याच्या जवळजवळ सगळ्या गाड्या, लंडन-पॅरिस युरोस्टार, पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी टीजीव्ही लिरिया आणि जवळजवळ सगळ्या रात्रगाड्या: इथे पास असला तरी आरक्षण सक्तीचं. याउलट जर्मनीतल्या आयसीई, ऑस्ट्रियातल्या रेलजेट, स्वित्झर्लंडमधल्या साध्या इंटरसिटी, बेल्जियम-नेदरलँड्समधल्या देशांतर्गत गाड्या: पास घ्या, चढा, रिकामी सीट बघून बसा. तिसरा प्रकार प्रादेशिक गाड्यांचा. इटलीची रेजोनाले किंवा फ्रान्सची टीईआर यांत बहुतेक ठिकाणी आरक्षण नावाची गोष्टच नसते.

सीमा ओलांडली की नियम बदलतो. जर्मनीत आयसीईला आरक्षण लागत नाही म्हणून फ्रँकफर्ट-पॅरिस आयसीईत तसंच चढू नका. फ्रान्सला जाणाऱ्या या गाडीत पासधारकाला आरक्षण सक्तीचं आहे. स्वित्झर्लंडहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटीतही ते लागतं. आणि इटलीतली इतालो किंवा फ्रान्स-स्पेनमधली उईगो या गाड्या युरेल पास घेतच नाहीत; तिथे आरक्षणाने काम भागत नाही, पूर्ण तिकीटच काढावं लागतं. स्थानकातल्या फलकावर इतालो आणि फ्रेच्चारोसा एकाखाली एक दिसतात, दोन्ही वेगवान, दोन्ही एकाच गावाला जाणाऱ्या. पास चालतो फक्त फ्रेच्चारोसात.

आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात हे पुष्कळांना कळतं, पण ते चहापाण्याइतके असतील असं वाटतं. इटलीत माणशी दहा-तेरा युरो, फ्रान्समध्ये देशांतर्गत टीजीव्हीला दहा किंवा वीस, युरोस्टार आणि लिरियाला तीसच्या आसपास. चौघांचं कुटुंब असेल तर गुणाकार करून बघा. चार ते ११ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसासोबत पास फुकट मिळतो (एका मोठ्यामागे दोन मुलं), पण त्याच्या जागेचं आरक्षण फुकट नसतं.

पैशांपेक्षाही जास्त नडतो तो कोटा. युरोस्टार आणि फ्रान्समधल्या गाड्या पासधारकांसाठी ठरावीकच जागा ठेवतात. त्या संपल्या की गाडीत पूर्ण भाड्याच्या सीटा शिल्लक असूनही पासवाल्याला जागा मिळत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे आपण जातो त्याच काळात, हे नेहमीचं आहे. मग पास हातात असूनही त्याच गाडीचं पूर्ण तिकीट काढायची पाळी येते. म्हणून ज्या गाडीवर सहलीचा गाडा अडकलेला आहे, त्या गाडीचं पासधारकाचं आरक्षण उपलब्ध आहे का, हे पास घेण्याआधी पाहावं, नंतर नव्हे.

हाच गोंधळ उलट बाजूनेही होतो, आणि तो जास्त महागात पडतो. जर्मन रेल्वेच्या साइटवर नुसती सीट आरक्षित करण्याची सोय आहे, पाच-सहा युरोंत. पास नसलेला माणूस एवढंच घेतो, डब्याचा आणि सीटचा नंबर हाती येतो, आणि आपल्या सवयीने त्याला वाटतं तिकीट कन्फर्म झालं. गाडीत तपासनीस आला की कळतं, भाडं भरलेलंच नाही. दुसरीकडे, ज्याने नीट तिकीट काढलेलं असतं तो त्यावर सीट नंबर नाही म्हणून घाबरतो, आपलं तिकीट वेटिंगवर आहे असं समजतो. वेटिंग लिस्ट ही कल्पनाच तिथे नाही. नंबर नसलेलं तिकीट पूर्ण वैध असतं.

बिनआरक्षण आयसीईत बसायचं कसं, तेही सांगतो. सीटच्या वर किंवा कडेला छोटी पाटी असते. तिच्यावर दोन गावांची नावं दिसली, समजा न्यूर्नबर्ग-बर्लिन, तर ती सीट तेवढ्या टप्प्यासाठी कुणीतरी घेतलेली आहे. म्यूनिकहून न्यूर्नबर्गपर्यंत तिथे खुशाल बसा. आरक्षण केलेला माणूस, गाडी त्याच्या स्थानकातून सुटल्यापासून १५ मिनिटांत आला नाही तर त्याचा हक्क जातो. सामान मोठं असेल किंवा सोबत वयस्कर आई-वडील असतील तर मात्र आयसीईतही सीटचे ते पाच-सहा युरो द्यावेत. शुक्रवारी संध्याकाळी जर्मन गाड्यांत लोक दाराजवळ उभे असतात.

आता मूळ प्रश्न: पास घ्यावा का? २८ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला दुसऱ्या वर्गाचा, महिन्याभरातले चार दिवस वापरायचा ग्लोबल पास (युरेलच्या सगळ्या देशांत चालणारा) साधारण २८० ते ३०० युरोंना पडतो. म्हणजे प्रवासाचा एकेक दिवस सत्तरच्या पुढे. दिवस वाढवले की दर उतरतो; दहा दिवसांच्या पासमध्ये दिवसाला पंचेचाळीसच्या आसपास. हा दिवसाचा आकडा कागदावर लिहा, त्यात त्या दिवसाचं आरक्षण मिळवा, आणि शेजारी त्याच प्रवासाचं सुटं तिकीट लिहा. दिवसागणिक असा हिशेब करा. "सगळा युरोप तीनशे युरोंत" असा एकगठ्ठा विचार केला की पास नेहमीच स्वस्त दिसतो.

आपल्याकडची सगळ्यांत लोकप्रिय सहल घ्या: पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. दहा-बारा दिवस, पण गाडीचे मोठे दिवस फक्त चार. त्यातला फ्लॉरेन्स-रोम हा टप्पा बघा. फ्रेच्चारोसाने दीड तास. दोन महिने आधी घेतलं तर तिकीट बहुधा वीस-तीस युरोंत मिळतं. चार दिवसांच्या पासवर तोच दिवस सत्तर अधिक आरक्षणाचे दहा-तेरा, म्हणजे ऐंशीच्या वर. तिप्पट पैसे, आणि गाडी तीच. योगायोग असा की ज्या देशांत आरक्षण सक्तीचं आहे, त्याच फ्रान्स-इटली-स्पेनमध्ये आगाऊ तिकिटं भरपूर स्वस्त असतात. तिथे पास दोन्हीकडून मार खातो. या सहलीसाठी ग्लोबल पास घेऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. तरीही ट्रॅव्हल कंपन्यांच्या पत्रकांत तो नेमका याच सहलीला जोडलेला असतो, याची चीड येते.

आता ही सहल घ्या: ॲमस्टरडॅम, कोलोन, म्यूनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, इन्सब्रुक, झुरिक. आरक्षणाची सक्ती जवळजवळ कुठेच नाही. मधे एखाद्या दिवशी हवा बघून हालस्टाटला जायचं की नाही ते सकाळी ठरवता येतं. जर्मनीत आयत्या वेळचं लांब पल्ल्याचं तिकीट सहज शंभर युरोंच्या वर जातं. झुरिक-जिनिव्हाचं पूर्ण भाडं नव्वद फ्रँकच्या आसपास आहे. इथे सात किंवा दहा दिवसांचा पास खरोखर कामाचा. जर्मनीतही आगाऊ स्वस्त तिकिटं असतात, हे खरं. पण ती त्याच एका गाडीला बांधलेली असतात. ती चुकली किंवा बेत बदलला की पैसे बहुधा गेले. पासवाला पुढच्या गाडीत बसतो.

भारतातून जाणाऱ्यासाठी एक मुद्दा वेगळा आहे, आणि परदेशी सल्ल्यांत तो सापडत नाही: व्हिसा. शेंगेन व्हिसा कधी हातात पडेल याची खात्री नसते, आणि स्वस्त आगाऊ तिकिटं सहसा परत होत नाहीत. व्हिसा येईपर्यंत थांबलात तर ती संपतात. सुरू न केलेला पास मात्र, तो सवलतीच्या योजनेत घेतलेला नसेल तर, काही रक्कम कापून परत करता येतो, आणि घेतल्यापासून ११ महिन्यांत कधीही सुरू करता येतो. व्हिसा उशिरा येणार हे नक्की असेल तर वरचा हिशेब आगाऊ दराने करू नका, आयत्या वेळच्या दराने करा. मग पासचं पारडं थोडं जड होतं. इटलीत तरीही नाही.

कोटा संपला किंवा आरक्षणाचे पैसे जिवावर आले तर आडवाटा असतात. फ्लॉरेन्स-रोम प्रादेशिक गाडीने साडेतीन-चार तास लागतात, आरक्षण शून्य. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाताना लिरियाऐवजी पॅरिस-एस्ट स्थानकातून त्र्वामार्गे म्यूलूझपर्यंत टीईआर आणि पुढे बाझल अशी वाट आहे. दिवसाला मोजक्याच गाड्या, वेळ बराच जास्त. तरुणांना चालेल. दोन बॅगा आणि गुडघे दुखणारी आई सोबत असेल तर हा उपाय करू नये.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, पटकन सांगतो. युरेल की इंटररेल (युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास), हे पासपोर्टवरून ठरत नाही, राहता कुठे यावरून ठरतं. मुलगा नोकरीमुळे म्यूनिकचा रहिवासी असेल तर तो इंटररेल घेणार, पुण्याहून आलेले आई-बाबा युरेल. दर सारखेच. मुलाला मात्र इंटररेलवर जर्मनीत एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायलाच प्रवास करता येतो. आई-बाबा जर्मनीभर हवे तितके फिरू शकतात. बर्लिन बघायला तिघं एकत्र निघालात तर मुलासाठी वेगळं तिकीट लागू शकतं. वय ६० किंवा जास्त असेल तर सवलत आहे, ती मागून घ्या. पहिल्या वर्गाचा पास घेऊ नका. तिथला दुसरा वर्ग स्वच्छ आणि ऐसपैस असतो. मेट्रो आणि शहरातल्या ट्राम युरेलमध्ये येत नाहीत. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये शहरातल्या ट्राम, बस, सरोवरावरच्या बोटी आणि रिगी डोंगरावर जाणारी गाडी येते, म्हणून फक्त स्वित्झर्लंड करणाऱ्याने युरेलकडे बघूही नये. युंगफ्राउयोख (आल्प्समधलं बर्फातलं उंच ठिकाण) मात्र कुठल्याच पासवर फुकट नाही, फक्त सवलत मिळते.

रात्रगाडीचं एक लक्षात ठेवा. पासचा दिवस रात्री बारा ते बारा मोजतात, पण मध्यरात्रीआधी सुटणारी थेट रात्रगाडी सुटण्याच्या तारखेचाच दिवस खाते. सकाळी उतरून दुसरी गाडी पकडलीत तर नवा दिवस खर्ची पडतो.

शेवटची पायरी ॲपमध्ये आहे आणि तिथेही तीच चूक होते: पास आहे म्हणजे काम झालं. पास रेल प्लॅनर ॲपमध्ये असतो. आडनाव आणि पास नंबर टाकून तो घ्यायचा, पासपोर्ट क्रमांक आणि सुरुवातीची तारीख देऊन चालू करायचा. मग प्रत्येक गाडी शोधून ती आधी आपल्या ट्रिपमध्ये घालायची आणि तिच्यासमोरचं बटण सरकवून ती पासला जोडायची. तेव्हा कुठे तपासनिसाला दाखवायचा क्यूआर कोड तयार होतो. हे गाडीत चढण्याआधी करायचं. चढल्यावर तपासनीस समोर उभा असताना जोडणं म्हणजे बिनतिकीट प्रवास, आणि दंड होतो. ॲप दर तीन दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, म्हणून डोंगरातल्या मुक्कामाआधी नेटवर उघडून घ्या. आणि गाडी जोडली की त्या तारखेचा पासचा एक दिवस खर्ची पडतो, हेही ध्यानात असू द्या: व्हेनिसहून पाडुआला जाऊन यायचं असेल तर पास ॲपमध्येच राहू द्या आणि खिडकीवरून एका बाजूला पाच-सहा युरोंचं तिकीट घ्या.