बारबाला आणि बारटेंडर: एका शब्दात कोंबलेली दोन कामे

बारमध्ये नोकरी करणाऱ्या सरसकट प्रत्येक स्त्रीला ‘बारबाला’ म्हणण्याची सवय मराठी बातम्यांना जडली आहे आणि ती मोडायलाच हवी. बारबाला, म्हणजे डान्सबारमध्ये ग्राहकांपुढे नाचणारी स्त्री, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बारटेंडर मात्र काउंटरच्या आत उभी असते; तीस मिलीचा स्मॉल आणि साठचा लार्ज मापून ओतणे, कॉकटेलचे प्रमाण सांभाळणे, रात्री उरलेला साठा विक्रीशी ताडून पाहणे हे तिचे काम. ‘बारमेड’ हा इंग्लंडच्या पबमधला जुना शब्दही त्याच कामाचा. टेबलावर ग्लास आणून देते ती वेट्रेस, ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाते ती गायिका. तिथे अडण्यासारखे काही नाही.

खरा घोळ होतो तो कायद्याविषयी बोलताना. २००५ साली मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३अ घालून राज्याने परमिट रूम, बिअर बार आणि खाद्यगृहांतील नृत्यावर बंदी आणली. ती बंदी नाचावर होती. पेग भरणाऱ्या किंवा वाढणाऱ्या स्त्रीच्या नोकरीला त्या कलमाने हात लावलेला नव्हता. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना तर नाचासाठीही सूट होती आणि हा भेदभाव न्यायालयात टिकला नाही: उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला.

दारूच्या काउंटरवर स्त्रीने काम करावे की नाही, हा वाद निराळ्या कायद्याचा आणि दिल्लीचा. तिथे लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे कलम ३० लोक जिथे बसून दारू पितात अशा जागी स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई करत होते. अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ते रद्द ठरवले आणि स्त्रियांना सुरक्षित वाटेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, त्यासाठी त्यांची नोकरी बंद करणे हा उपाय नव्हे, असे बजावले. त्यामुळे ‘२०१३ च्या निकालाने स्त्रियांना बारमध्ये काम करता येऊ लागले’ हे विधान साफ चुकीचे आहे.

माझ्या मते काउंटरवरच्या स्त्रीला नुसते ‘बारटेंडर’ म्हणावे, मागे ‘महिला’ जोडण्याचीही गरज नाही. ‘बाला’ हा प्रत्यय तर मला मुळीच मान्य नाही, कारण संसार चालवणाऱ्या प्रौढ बाईला तो पोरगी ठरवतो. नाचणारीला नर्तिका म्हणावे. छाप्याची बातमी देतानाही नर्तिका किती, गायिका किती, वेट्रेस किती हे वेगवेगळे लिहावे.