होप हिरा आणि त्याच्या शापाची दंतकथा

होप हिरा हा ४५.५२ कॅरेटचा गडद निळा हिरा, सध्या अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे आणि शापित रत्न म्हटलं की बहुतेकांना आधी हाच आठवतो. गोष्ट अशी सांगतात की तावेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने भारतातल्या एका देवळात सीतेच्या मूर्तीचा डोळा म्हणून बसवलेला हा हिरा चोरला, मग शाप लागला आणि पुढे ज्याच्या हाती हिरा गेला त्याचं वाटोळं झालं.

यातल्या देवळाच्या भागाला काहीही पुरावा नाही. हिरा बहुधा गोवळकोंड्याच्या राज्यातल्या, कृष्णेकाठच्या कोल्लूर खाणीतला. तावेर्नियेने स्वतः या खाणीबद्दल लिहून ठेवलंय, तिथे बायका-पुरुष-पोरं धरून साठेक हजार माणसं राबायची असं तो सांगतो, आणि खरं तर या हिऱ्याच्या गोष्टीत सगळ्यात आधी ही माणसं यायला हवीत, पण दंतकथेत त्यांना जागाच नाही. तावेर्नियेला रशियात कुत्र्यांनी फाडून खाल्लं असंही सांगतात, पण त्याने १६६८ च्या सुमारास हिरा फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईला विकला, त्यानंतर जहागीर विकत घेतली आणि ऐंशी पार करून १६८९ मध्ये मॉस्कोत वारला. लुईने १६७३ मध्ये हिरा पुन्हा कापून घेतला, तो साधारण ६९ कॅरेटचा झाला, आणि हा शापित म्हणवलेला राजा तब्बल ७२ वर्षं गादीवर होता.

राज्यक्रांतीत गिलोटिनखाली मारली गेलेली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, तिचं नाव तर हमखास घेतात. हिरा तेव्हा राजाच्या मानाच्या पदकात जडवलेला होता, राणीने तो घातल्याचा पुरावा नाही. आणि राज्यक्रांतीत हजारो लोक गिलोटिनखाली गेले, त्यांच्यापैकी कितींनी हा हिरा नुसता बघितला तरी असेल?

सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसला राजघराण्याच्या जवाहिरावर दरोडा पडला त्यात हिरा गेला. बरोबर वीस वर्षांनी, सप्टेंबर १८१२ मध्ये, लंडनमध्ये तसाच निळा पण लहान हिरा असल्याची नोंद सापडते. फ्रान्समध्ये त्या काळातल्या गुन्ह्यांवर खटला भरायची मुदत वीसच वर्षांची होती, ती नुकतीच संपलेली, त्यामुळे चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून कापून बाहेर काढला असं मानतात. मला तर शापापेक्षा ही हकिकत कितीतरी थरारक वाटते. पुढे पॅरिसच्या म्युझियममध्ये चोरीला गेलेल्या त्या जुन्या फ्रेंच हिऱ्याचा शिशाचा साचा सापडला आणि होप हिरा त्यातूनच कापलाय हे पक्कं झालं.

होप हे नाव लंडनच्या श्रीमंत हेन्री फिलिप होपवरून पडलं, १८३९ च्या त्याच्या रत्नसंग्रहाच्या यादीत हिरा आहे. त्याच घराण्यातल्या लॉर्ड फ्रान्सिस होपचं जुगार आणि उधळपट्टीत दिवाळं निघालं, १९०१ मध्ये हिरा विकला गेला. शापाचा बोलबाला खरा सुरू झाला तो यानंतर, म्हणजे दंतकथा फार तर सव्वाशे वर्षांची. पेपरवाल्यांनी जुन्या मालकांच्या नावाने मरणं जोडायला सुरुवात केली. १९०९ मध्ये सिंगापूरजवळ बोट बुडाली, त्यात हबीब नावाचा माणूस गेला, तर हिऱ्याचा आधीचा एक मालक हबीब तोच असं छापून टाकलं, बुडालेला माणूस दुसराच होता.

मग पॅरिसच्या पिएर कार्तिए या जवाहिऱ्याने हीच गोष्ट अमेरिकेतल्या श्रीमंत इव्हलिन वॉल्श मॅकलीनला रंगवून सांगितली, कारण अशुभ वस्तू आपल्याला लाभतात असं ती म्हणायची, आणि १९११ मध्ये १,८०,००० डॉलरला सौदा ठरला, तोही असा की सहा महिन्यांत घरात कुणी गेलं तर हिरा बदलून मिळेल. घेतल्यावर तिने चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वादही घेतला. १९१९ मध्ये तिचा नऊ वर्षांचा मुलगा गाडीखाली गेला, नवरा मनोरुग्णालयात वारला, १९४६ मध्ये मुलगी गोळ्यांच्या अतिसेवनाने गेली. एका आईचं हे खरं दुःख, आणि लोक ते शापाचा पुरावा म्हणून मोजतात, हे फार वाईट वाटतं. शिवाय प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक लिंडबर्गचं पळवलेलं बाळ सोडवून आणतो म्हणून एका ठगाने तिच्याकडून एक लाख डॉलर उकळले, तेही लोक हिऱ्याच्याच माथी मारतात.

ती १९४७ मध्ये गेल्यावर हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने हिरा घेतला, काही वर्षं प्रदर्शनांमधून फिरवला आणि १९५८ मध्ये स्मिथसोनियन म्युझियमला देऊन टाकला, पाठवला तोही साध्या रजिस्टर पोस्टाने, विम्यासकट खर्च १४५ डॉलर २९ सेंट. हा हिरा घेऊ नका, देशावर संकट येईल, अशी पत्रं तेव्हा म्युझियमला आली होती.

निळा रंग हिऱ्यातल्या बोरॉन या मूलद्रव्यामुळे येतो. अतिनील प्रकाश टाकून बंद केला की हिरा काही वेळ लाल चमकत राहतो, शापवाले याचाही दाखला देतात, पण बोरॉन असलेले इतरही निळे हिरे असे चमकतात, फक्त रंग आणि वेळ कमीजास्त असते.