प्रोटिएज निरोधक प्रथिने

प्रथिनांतील पेप्टाइड बंध तोडणाऱ्या एंझाइमांना, म्हणजेच प्रोटिएजांना, आवर घालणारी प्रथिने. जीवाणू, वनस्पती, प्राणी अशा सर्व सजीवांत ती आढळतात. काही विषाणूही ती तयार करवून घेतात. अन्नपचन, रक्त गोठणे, झालेली गुठळी विरघळणे, जंतूंशी लढा, जखम भरून येणे, पेशींचा नियोजित मृत्यू या सगळ्यांत प्रोटिएजांचा हात असतो. प्रथिनाला जोडलेला फॉस्फेट गट पेशी पुन्हा काढून घेऊ शकते, पण एकदा तुटलेले प्रथिन ती सहसा सांधत नाही. म्हणून कुठे तोडायचे, किती तोडायचे आणि केव्हा थांबायचे याचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा लागतो. मानवी जनुकसंचात प्रोटिएजांची जनुके पाचशेहून अधिक आहेत. त्यांतील अनेक एंझाइमे निष्क्रिय पूर्वरूपात तयार होतात, हा पहिला बंदोबस्त. निरोधक प्रथिने हा दुसरा. पूर्वरूप एकदा सक्रिय झाले की ते मागे फिरत नाही, त्यामुळे तिथून पुढची सगळी भिस्त निरोधकावरच असते.

स्वादुपिंडात हे स्पष्ट दिसते. तिथे ट्रिप्सिन हे पाचक एंझाइम ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात साठवलेले असते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर एंटेरोपेप्टिडेज हे आतड्यातील एंझाइम त्याला सक्रिय करते. पण ट्रिप्सिन स्वतःही ट्रिप्सिनोजेनला सक्रिय करू शकते. साठ्यातला एखादा रेणू चुकून जागा झाला, तर तो दुसऱ्यांना जागे करणार आणि स्वादुपिंड स्वतःच पचायला लागणार. हे टाळण्यासाठी त्याच पेशी ट्रिप्सिनोजेनबरोबर 56 अ‍ॅमिनो आम्लांचा एक छोटा निरोधक स्रवतात. लुई कझाल व सहकाऱ्यांनी 1948 मध्ये त्याचे वर्णन केले. सगळा साठा एकदम सक्रिय झाला तर हा निरोधक पुरत नाही. अधूनमधून भरकटणाऱ्या थोड्या रेणूंपुरताच तो असतो. आतड्यात ट्रिप्सिनचा लोंढा आल्यावर पचनाला त्याचा अडथळा होत नाही, तो यामुळेच. त्याच्या जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह होण्याचा धोका वाढतो.

लहान निरोधकांची काम करण्याची रीत बरीचशी सारखी आहे. त्यांच्या पृष्ठभागावर एक ताठ वळसा बाहेर आलेला असतो. त्याचा आकार एंझाइमाच्या क्रियास्थानात, म्हणजे बंध तोडण्याचे काम जिथे होते त्या खाचेत, चपखल बसतो, आणि तिथले एक अ‍ॅमिनो आम्ल कोणते एंझाइम फसणार हे ठरवते : लायसीन किंवा आर्जिनीन असेल तर ट्रिप्सिन. एंझाइम त्या वळशाला नेहमीचे भक्ष्य समजून पकडते. पण डायसल्फाइड बंधांनी आवळलेली ती रचना हलत नाही, तुटलेले टोक दूर जात नाही, आणि एंझाइम तिथेच अडकून राहते. मोझेस कुनिट्झ आणि जॉन नॉर्थ्रप यांनी 1936 मध्ये गाईच्या स्वादुपिंडातून वेगळा केलेला 58 अ‍ॅमिनो आम्लांचा निरोधक ट्रिप्सिनला इतका घट्ट धरतो की दोघे आपोआप सुटे व्हायला महिने लागतात. ॲप्रोटिनिन या नावाने तो हृदयाच्या शस्त्रक्रियांत रक्तस्राव कमी करण्यासाठी वापरला गेला.

सर्पिन या कुळातील निरोधकांची तऱ्हा वेगळी. ही सुमारे 350 ते 400 अ‍ॅमिनो आम्लांची मोठी प्रथिने असून माणसात त्यांचे सुमारे 36 प्रकार आहेत. सर्पिनची घडी मुळातच ताणलेली, चढवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखी असते. प्रोटिएज त्याचा बाहेर आलेला वळसा तोडते, आणि तोडतानाच्या मधल्या क्षणी, जेव्हा एंझाइम व सर्पिन सहसंयुजी बंधाने जोडलेले असतात, तेव्हा तो वळसा झटक्यात सर्पिनच्या अंगात शिरतो. चिकटलेले एंझाइमही ओढले जाते आणि रेणूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन आदळते. 2000 मध्ये अशा संयुगाची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसले की फरपटलेल्या ट्रिप्सिनचे क्रियास्थान मोडून गेले आहे. यात दोघेही संपतात. एक रेणू एकदाच वापरता येतो. ही उधळपट्टी वाटेल, पण तिचा एक फायदा आहे. सर्पिनची हालचाल वाढवता, थोपवता किंवा दुसऱ्या रेणूकडून चालवून घेता येते. लहान, ताठ निरोधकांत ती सोय फारशी नाही.

रक्तातील अँटिथ्रॉम्बिन हे त्याचे उत्तम उदाहरण. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला ते एकटे असताना संथपणे अडवते. हेपारिन या लांब शर्करा-साखळीशी जोडले गेले की हाच वेग सुमारे हजारपट होतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हेपारिनसारख्याच शर्करा-साखळ्या असतात. त्यामुळे निरोगी भिंतीलगत थ्रॉम्बिन टिकत नाही आणि जिथे अस्तर फाटले आहे तिथे गुठळी धरते. औषध म्हणून टोचलेले हेपारिन स्वतः रक्त पातळ ठेवत नाही, ते शरीरातल्याच निरोधकाला कामाला लावते. रुग्णात अँटिथ्रॉम्बिन कमी असेल तर हेपारिन अपुरे पडते, ते यामुळे. अँटिथ्रॉम्बिनच्या आनुवंशिक कमतरतेत तरुण वयातच शिरांमध्ये गुठळ्या होऊ शकतात. नॉर्वेतील अशा एका कुटुंबाचे वर्णन 1965 मध्ये झाले.

सर्पिनांत सर्वांत जास्त अभ्यास झाला तो अल्फा-1 अँटिट्रिप्सिनचा. नावात ट्रिप्सिन असले तरी त्याचे खरे लक्ष्य न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतील इलॅस्टेज, म्हणजे ऊतींना लवचिकपणा देणारे इलॅस्टिन तोडणारे एंझाइम. यकृतात तयार होऊन ते रक्तातून फुप्फुसात पोहोचते. न्यूट्रोफिलच्या कणिकांत इलॅस्टेज कित्येक मिलिमोलर इतक्या संहतीने भरलेले असते, तर रक्तद्रवात हा निरोधक काही दशक मायक्रोमोलर, म्हणजे त्याहून कितीतरी कमी, असतो. म्हणजे कणिका फुटते त्या ठिकाणी क्षणभर एंझाइमच वरचढ ठरते. ते पसरत गेले, विरळ झाले की निरोधकाची सरशी होते. जंतू मारण्यापुरते एक लहानसे वर्तुळ मोकळे राहते आणि त्याबाहेरची ऊती वाचते. निरोधकाची रक्तातील पातळी त्या वर्तुळाची त्रिज्या ठरवते. पातळी घसरली की वर्तुळ मोठे होते, वायुकोशांच्या भिंतींतील इलॅस्टिन झिजत जाते आणि पुढे वातस्फीती (एम्फिसीमा) हा फुप्फुसाचा विकार होतो. निरोधक म्हणजे नुसता ब्रेक, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

या कमतरतेचा शोध एका पट्टीवर लागला. स्वीडनमधील कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन विद्युत्-संचारणाच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी केलेल्या, पट्ट्या तपासत होते. सुमारे 1500 नमुन्यांपैकी 5 मध्ये अल्फा-1 पट्टा जवळपास नव्हताच, आणि त्यांतील तिघांना कमी वयात फुप्फुसाचा विकार जडलेला होता. हे 1963 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कळले की अशा रुग्णांत बहुधा 342 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन असते. त्या एका बदलाने सर्पिनची ताणलेली घडी बिघडते, एका रेणूचा वळसा दुसऱ्यात शिरतो, साखळ्या बनतात आणि त्या यकृताच्या पेशींतच साठतात. त्यामुळे फुप्फुसात प्रथिनाचा तुटवडा आणि यकृतात त्याचाच साठा, असे दुहेरी नुकसान होते. मानवी रक्तद्रवातून काढलेले प्रथिन शिरेतून देण्याचा उपचार 1987 पासून उपलब्ध आहे. फुप्फुसांना त्याचा उपयोग होतो, यकृताला होत नाही. तंबाखूचा धूर दुसऱ्या बाजूने हल्ला करतो : वळशातील 358 व्या जागच्या मिथिओनिनचे ऑक्सिडीकरण होऊन चांगला निरोधकही इलॅस्टेजला नीट पकडेनासा होतो.

याच 358 व्या जागेची एक विलक्षण नोंद अमेरिकेतील पिट्सबर्गची आहे. तिथल्या एका मुलाला वारंवार गंभीर रक्तस्राव होत असे आणि चौदाव्या वर्षी त्यातच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या अँटिट्रिप्सिनमध्ये मिथिओनिनच्या जागी आर्जिनीन होते, हे 1983 मध्ये स्पष्ट झाले. एवढ्या एका बदलाने इलॅस्टेजचा निरोधक थ्रॉम्बिनचा निरोधक बनला होता, आणि तोही हेपारिनची वाट न पाहणारा. दुखापत किंवा दाह झाला की यकृत अँटिट्रिप्सिन वाढवते, म्हणजे रक्त गोठण्याची गरज जेव्हा सर्वाधिक, नेमके तेव्हाच ते गोठणे आणखी अवघड होत असे.

इतर कुळांचा उल्लेख थोडक्यात पुरे. अल्फा-2 मॅक्रोग्लोब्युलिन हा सुमारे 7,20,000 डाल्टन वजनाचा अवाढव्य रेणू प्रोटिएजांच्या कुळात भेद करत नाही. आमिषाचा भाग तुटला की तो मिटतो आणि एंझाइमाला आत कोंडतो. सिस्टॅटिने पेशींतील कॅथेप्सिन नावाच्या प्रोटिएजांना आवरतात. त्यांपैकी सिस्टॅटिन सी रक्तात मोजून मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज घेतात. पेशींबाहेरील जाळीचे विघटन करणाऱ्या धातुयुक्त प्रोटिएजांसाठी माणसात चार निरोधक आहेत. सी-1 निरोधक कमी पडला तर रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू देणारे ब्रॅडिकायनिन बेसुमार तयार होऊन चेहरा, घसा, आतडी अचानक सुजतात. नियोजित पेशीमृत्यूत तर निरोधकाचाही निरोधक आहे : कॅस्पेजांना, म्हणजे हा मृत्यू घडवणाऱ्या प्रोटिएजांना, रोखून धरणाऱ्या प्रथिनाला, तंतुकणिकेतून बाहेर पडलेले दुसरे प्रथिन बाजूला सारते. एचआयव्हीवरील सॅक्विनाविरसारख्या गोळ्यांनाही प्रोटिएज निरोधक म्हणतात, पण ते छोटे कृत्रिम रेणू आहेत, प्रथिने नव्हेत.

परजीवींनी हे हत्यार यजमानावर उलटवले आहे. जळूच्या लाळेतील हिरुडिन हे 65 अ‍ॅमिनो आम्लांचे प्रथिन थ्रॉम्बिनला इतके घट्ट पकडते की जळू सुटल्यावरही जखम वाहत राहते. वनस्पतींत निरोधक बियांत भरपूर असतात आणि खाणाऱ्याचे पचन बिघडवतात. उंदरांची वाढ कच्च्या सोयाबीनवर खुंटते आणि शिजवलेल्यावर होते, हे ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी 1917 मध्येच दाखवले होते. त्यामागील कारणांपैकी एक असलेला ट्रिप्सिन निरोधक कुनिट्झ यांनी 1940 च्या दशकात स्फटिकरूपात मिळवला. पानांत मात्र निरोधक गरजेनुसार तयार होतात. कोलोरॅडो बटाटा भुंगेऱ्याने एक पान कुरतडले की न कुरतडलेल्या पानांतही निरोधक साठू लागतो, हे ग्रीन आणि रायन यांनी 1972 मध्ये दाखवले. जखमेची खबर पोहोचवण्यात 18 अ‍ॅमिनो आम्लांचे सिस्टेमिन आणि जॅस्मोनिक आम्ल हे वनस्पतीतील संदेशवाहक रेणू भाग घेतात. चवळीच्या ट्रिप्सिन निरोधकाचे जनुक 1987 मध्ये तंबाखूत घालून कीडरोधक झाडे तयार करण्यात आली. पण अनेक अळ्या असे खाद्य मिळताच निरोधकाला न जुमानणारी दुसरी प्रोटिएजे स्रवू लागतात. म्हणून एकट्या निरोधकावर विसंबलेली पिके फारशी पुढे गेली नाहीत. चीनमध्ये चवळीचे हे जनुक कापसात आले ते बीटी जनुकाच्या जोडीने.