मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो का?

“गोधडीचं नवं कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग कायमचा पक्का होतो.” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कधी मिठाऐवजी व्हिनेगर असतं.

समज निराधार नाही, फक्त जागा चुकली आहे. सुती कापड रंगवताना मीठ खरंच वापरतात. पाण्यातला रंग धाग्याकडे जायला त्याची मदत होते. पण रिअॅक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग) धाग्याशी जोडला जातो तो धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीमुळे. व्हिनेगर उपयोगी पडतं ते लोकर, रेशीम रंगवताना, तेही अॅसिड रंगांसाठी, म्हणजे आंबट पाण्यात धाग्यावर बसणाऱ्या रंगांसाठी. रंगवून झालेल्या सुती कापडावर दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

मग मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटल्यासारखा का दिसतो? काही रंगांना मीठ तेवढ्यापुरतं धाग्यावर धरून ठेवतं. पुढच्या साध्या धुण्यात ते सुटतातच.

पडताळा घरीच घ्या. एकाच कापडाच्या दोन पट्ट्या कापा. एक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून वाळवा. मग दोन वाट्यांत साबणाचं कोमट पाणी घ्या, प्रत्येकीत एक पट्टी आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा अर्धा तास ठेवा. पांढरे तुकडे शेजारी शेजारी वाळवून डाग ताडून बघा. लाल आणि गडद निळ्यावर हा प्रयोग जरूर करा, तेच जास्त दगा देतात.

सुटा रंग धरून ठेवण्यापेक्षा शिवण्याआधीच काढून टाकलेला बरा: कोमट पाणी, साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं. कापड आटायचं तेही तेव्हाच आटतं. तरीही रंग सुटतच राहिला, तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका.