जेहान दारूवाला

दारूवाला, जेहान (जन्म : १ ऑक्टोबर १९९८). मुंबईचा मोटार शर्यतपटू. फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला २ मालिकेतील शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. नरेन कार्तिकेयन (२००५) आणि करुण चंढोक (२०१०) यांच्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये पोहोचणारा तिसरा भारतीय हाच, असे बरीच वर्षे वाटत राहिले. ते झाले नाही. तरी ‘थोडक्यात हुकलेला’ एवढ्या शेऱ्यावर त्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे. खालच्या मालिकांमध्ये त्याने जे जिंकले, ते त्याआधी फार थोड्या भारतीयांच्या वाट्याला आले होते.

सुरुवात कार्टिंगने झाली. कार्टला ना छप्पर ना सस्पेन्शन. चालक जमिनीला जवळजवळ टेकून बसतो आणि ट्रॅकचा प्रत्येक उंचवटा थेट बरगड्यांना कळतो. रेषा पकडणे, उशिरा ब्रेक लावणे, समोरच्याच्या चुकीची वाट पाहणे हे सारे चालक इथेच शिकतो. रायोमंड बानाजी यांच्या हाताखाली जेहान तयार झाला. फॉर्म्युला वनमधील फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये देशभरातून होतकरू चालक शोधण्यासाठी ‘वन फ्रॉम अ बिलियन’ ही मोहीम घेतली. निवडलेल्या तिघांत अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी यांच्याबरोबर तो होता. शर्यतीचे पुढचे शिक्षण परदेशात झाले. ब्रिटनमधील कनिष्ठ गटाची राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धाही त्याने जिंकली. भारतात कार्टिंगच्या पुढची शिडी तेव्हा तोकडी होती, त्यामुळे ज्याच्या घरच्यांना परदेशातला खर्च झेपेल त्यालाच पुढे जाता येई. जेहानचे घर उद्योजकांचे होते, म्हणून ते जमले. तेवढीच गुणवत्ता असलेली किती मुले कार्टच्या पुढे गेलीच नसतील, हा प्रश्न त्याची कारकीर्द वाचताना टाळता येत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मॅनफील्ड ट्रॅकवर त्याने न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली. फॉर्म्युला वनचा भाग नसली तरी ही मानाची शर्यत आहे; स्टर्लिंग मॉस आणि जॅक ब्रॅबम यांनी ती जिंकलेली आहे. जेहानच्या आदल्या वर्षीचा विजेता लँडो नॉरिस. त्याच वर्षी कार्लिन संघातून युरोपियन फॉर्म्युला ३ मध्ये नॉरिस त्याचा सहकारी झाला. नॉरिसने मालिकेचे विजेतेपद मिळवले. जेहानने न्युरेंबर्गच्या नॉरिसरिंगवर एक शर्यत मारली. २०१९ मध्ये प्रेमा संघाकडून एफआयए फॉर्म्युला ३ मध्ये दोन विजयांसह तो तिसरा आला. पहिले दोघे, रॉबर्ट श्वार्ट्झमन आणि मार्कस आर्मस्ट्राँग, त्याच्याच संघातले होते. या कामगिरीनंतर फॉर्म्युला वनमधील रेड बुल संघाने २०२० साठी त्याला आपल्या कनिष्ठ चालकांच्या चमूत घेतले.

फॉर्म्युला २ मधला पहिला हंगाम जड गेला. कार्लिनच्या दुसऱ्या गाडीत युकी त्सुनोडा होता आणि तो सतत पुढे राहिला. मग हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ६ डिसेंबर २०२० रोजी, बहरीनच्या साखीर येथील साडेतीन किलोमीटरच्या बाह्य ट्रॅकवर स्प्रिंट शर्यत झाली. ही छोटी शर्यत; तिच्यात पुढच्या काही चालकांना उलट्या क्रमाने उभे करतात. जेहान दुसऱ्या जागेवरून सुटला. सुरुवातीलाच तो डॅन टिकटमला ओलांडायला गेला, टिकटमने त्याला रेटले आणि मिक शूमाखर दोघांच्याही पुढे निघून गेला. जेहानने घाई केली नाही. टिकटमला आणि शूमाखरला मागे टाकून तो त्सुनोडाच्या साडेतीन सेकंद आधी पोहोचला. मालिकेचे विजेतेपद त्या दिवशी शूमाखरचे झाले, पण पोडियमवर ‘जन गण मन’ वाजले.

पुढच्या वर्षी त्सुनोडा रेड बुलच्याच अल्फाटॉरी या दुसऱ्या संघातून फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहान फॉर्म्युला २ मध्येच राहिला. २०२१ च्या सुरुवातीला मुंबई फाल्कन्स या भारतीय संघाकडून तो एशियन फॉर्म्युला ३ मध्ये तिसरा आला. तेव्हा झोऊ ग्वानयू पहिला आला होता. त्या वर्षी फॉर्म्युला २ मध्ये मोंझा आणि अबू धाबी, आणि २०२२ मध्ये पुन्हा मोंझा असे विजय त्याला मिळाले. यातला शेवटचा मोठा, कारण तो रविवारच्या फीचर शर्यतीतला होता. तिथे उलटी रांग नसते आणि टायर बदलण्यासाठी पिटमध्ये यावेच लागते. पण दोन्ही हंगामांत एकूण क्रमांक सातवाच राहिला.

हा सातवा क्रमांकच महागात पडला. फॉर्म्युला वनसाठी लागणाऱ्या सुपर लायसन्सला तीन हंगामांत मिळून ४० गुण हवे असतात. फॉर्म्युला २ मधल्या पहिल्या तिघांना प्रत्येकी ४० गुण मिळतात, सातव्याला फक्त ८. शिवाय तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये जागाच २० होत्या. २०२२ चा फॉर्म्युला २ विजेता फेलिपे द्रुगोविच यालाही पुढच्या हंगामासाठी जागा मिळाली नाही. त्यामुळे सगळा दोष चालकावर टाकता येत नाही. तरीही माझे मत असे की, साखीर आणि मोंझाला दिसलेला वेग जेहानला पात्रता फेरीत आठवड्यामागून आठवडे टिकवता आला असता, तर रेड बुलला त्याच्याकडे डोळेझाक करणे अवघड गेले असते. जून २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनवर मॅकलारेनची आदल्या हंगामातली फॉर्म्युला वन गाडी त्याने चालवली. फॉर्म्युला वनचे स्टीयरिंग हाती येण्याची ती त्याची पहिली वेळ. त्या वर्षअखेरीस रेड बुलशी नाते संपले.

२०२३ मध्ये एमपी मोटरस्पोर्टकडून फॉर्म्युला २ खेळत असतानाच तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मधील महिंद्रा संघाचा राखीव चालक होता. जानेवारी २०२४ मध्ये मेक्सिको सिटीत मासेराती संघाकडून त्याने फॉर्म्युला ई मध्ये पदार्पण केले. करुण चंढोकनंतरचा तो या मालिकेतला दुसरा भारतीय. त्याच हंगामात हैदराबादला शर्यत ठरली होती. ती रद्द झाली आणि घरच्या प्रेक्षकांपुढे उतरण्याची संधी गेली. पुढच्या हंगामासाठी मासेरातीने जेक ह्यूज आणि स्टॉफेल व्हानदूर्न यांना घेतले.

फॉर्म्युला २ मध्ये जेहाननंतर जिंकलेला भारतीय म्हणजे अर्जुन मैनीचा धाकटा भाऊ, बेंगळुरूचा कुश मैनी. मे २०२५ मध्ये त्याने मोनॅकोची स्प्रिंट शर्यत जिंकली.