मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर, तास आणि ‘थेट’ या शब्दाचा घोळ

मुंबई आणि न्यूयॉर्कमधलं सर्वांत कमी हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो बलुचिस्तान, सेंट पीटर्सबर्ग, आइसलँडची पूर्व बाजू आणि ग्रीनलँडचं दक्षिण टोक असा जातो. विमानं मात्र क्वचितच या दोऱ्यावरून उडतात.

1948 मध्ये मुंबईहून लंडनला पहिलं भारतीय विमान गेलं ते कैरो आणि जिनिव्हा करत, तिसऱ्या दिवशी पोचलं. 1960 मध्ये जेट विमानाने हीच सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत नेली.

खरा घोळ इथून पुढचा. पुढे कित्येक वर्षं या लंडनमार्गे जाणाऱ्या विमानालाही ‘थेट’च म्हटलं गेलं. विमान कंपन्यांच्या भाषेत ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्लाइट क्रमांक एकच. मध्ये कितीही वेळा उतरा. कुठेही न टेकता जाणारं ते ‘नॉनस्टॉप’. मराठीत दोन्हींना सर्रास ‘थेट’च म्हणतात, आणि तिकीट काढणारा त्याचा अर्थ नॉनस्टॉप असाच घेणार. व्याख्येत चूक नाही, पण सोय कुणाची झाली हे उघड आहे. 2006-07 मध्ये लांब पल्ल्याच्या बोइंग 777 विमानांनी खरी नॉनस्टॉप सेवा सुरू झाली आणि हा वाद मिटला असं वाटलं.

तो मिटला नाही, कारण अंतर नकाशावर ठरतं आणि वेळ आकाश कुणासाठी उघडं आहे यावर. 2019 मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द काही महिने बंद ठेवली. 2022 मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं आणि एका कंपनीने न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कहून मुंबईला येणारं उड्डाण काही काळ थांबवलं. भारतीय विमानं मात्र रशियावरून जात राहिली. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. मुंबईला अरबी समुद्रावरून वाट आहे, त्यामुळे झळ कमी. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं मात्र इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली. याला नाव ‘टेक्निकल हॉल्ट’. क्रमांक तोच, प्रवासी आतच बसलेले, म्हणजे व्याख्येने पुन्हा ‘थेट’! वाढलेल्या वेळेची आणि अशा थांब्यांची कल्पना प्रवाशांना आधी द्या, असं भारताच्या विमान वाहतूक नियामकाला कंपन्यांना सांगावं लागलं.

वेळेबद्दल आणखी एक. जाताना सुमारे सोळा तास लागतात, येताना त्याहून कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. तिकिटावर हे दिसत नाही, कारण तिथे दोन्ही शहरांची स्थानिक वेळ असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. जुलैत रात्री एकला मुंबई सोडली की तिथे पोचताना त्याच तारखेला सकाळी साडेसात वाजलेले असतात, आणि घरी कुणीतरी हमखास म्हणतं, “अरे, साडेसहा तासांत पोचला की!”